विचारल्याशिवाय न बोलणारा

या, आज एका जुन्या, चोख आणि बऱ्यापैकी हट्टी गृहस्थाची ओळख करून देतो. नाव एचएप्रॉक्सी. धंदा लोड बॅलन्सरचा. वेबसाइटच्या दारात उभं राहायचं, येणारं प्रत्येक कनेक्शन हातात घ्यायचं आणि मागच्या पाच-दहा सर्व्हरपैकी कुणाकडे पाठवायचं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं, हे त्याचं काम. विली तारो या फ्रेंच प्रोग्रॅमरनं त्याला घडवलं आणि २००१च्या डिसेंबरात त्याची पहिली आवृत्ती बाहेर आली. याच तारोंनी लिनक्सच्या २.४ कर्नलची देखभालही बरीच वर्षं केली. म्हणजे शिस्त घरचीच. स्टॅक ओव्हरफ्लोसारखी जगभरच्या प्रोग्रॅमरांनी गजबजलेली साइट वर्षानुवर्षं त्याच्या भरवशावर चालली.

काम करताना मात्र तो कुणाच्या नजरेस पडत नाही. नजरेस पडतं ते त्याचं स्टॅट्सचं पान, आणि त्याचा खरा स्वभाव कळतो तो तिथेच.

पहिल्या भेटीत हे पान कुणालाही आवडत नाही. बारीक टाइप, एकमेकांना खेटून बसलेले तीसेक रकाने, फिकट हिरव्या ओळी आणि वर रंगांचा अर्थ सांगणारी चौकट. ना आलेख, ना सुया हलणारी घड्याळं. आजूबाजूची मॉनिटरिंगची साधनं दर दोन वर्षांनी कपडे बदलतात, पण यानं तोच जुना सदरा अंगावर ठेवला आहे आणि त्याचा त्याला अभिमानही असावा. पानाच्या डोक्यावर तो आपला प्रोसेस क्रमांक लिहितो, किती वेळ सलग जागा आहे ते लिहितो आणि लगेच कामाला लागतो. स्वागताचा शब्द नाही. पण ते पान एवढं हलकं, की सगळी साइट धापा टाकत असतानाही बहुतेक वेळा झटकन उघडतं. रात्री अडीच वाजता ऑन-कॉल असलेल्या माणसाला याहून मोठा आधार नसतो.

त्याचा मुख्य गुण, आणि लोकांना सर्वांत जास्त छळणारा गुणही तोच: तो खोटं कधी बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतो. सेशनच्या, म्हणजे चालू कनेक्शनच्या, रकान्यात ‘आत्ता ४००’ असं लिहिलेलं असतं. हे ४०० चांगले की वाईट, ते तो सांगणार नाही. त्यासाठी शेजारचा रकाना वाचावा लागतो. बरीच माणसं तिथपर्यंत पोचतच नाहीत. आकडा मोठा दिसला की ‘ट्रॅफिक वाढलं’ म्हणून मोकळी होतात.

शेजारच्या रकान्यात असतो सेशन रेट, म्हणजे सेकंदाला नवी किती आली. या दोघांचं नातं पंगतीसारखं आहे. मिनिटाला येणारी माणसं तेवढीच, पण जेवणाऱ्यांनी जास्त वेळ लावला, की पाटांवरची गर्दी वाढतेच. जॉन लिटल यांनी १९६१ साली हे गणितानं सिद्ध करून दाखवलं: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. सेकंदाला २०० रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागत असेल, तर कुठल्याही क्षणी १०० चालू दिसतील. उद्या डेटाबेस रेंगाळला आणि प्रत्येकीला दोन सेकंद लागायला लागले, तर तोच आकडा ४०० होतो. बाहेरून एक माणूस जास्त आलेला नसतो! सेशन चढले आणि रेट तिथेच राहिला, तर दोष पाहुण्यांचा नाही, स्वयंपाकघराचा आहे. दोन्ही सोबत चढले तरच गर्दी खरी. एवढं एक वाचता आलं तरी या गृहस्थाशी निम्मी मैत्री झाली असं समजा.

आता त्याचा मानीपणा. रांग, सेशन रेट आणि सेशन या आकड्यांशेजारी तो आजवरचा उच्चांक लिहून ठेवतो आणि तो आपणहून कधी खाली आणत नाही. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे कुणीतरी लोड टेस्ट केली, पाच मिनिटं हजारो कनेक्शन आली, संपली. पण उच्चांकाच्या घरात तो आकडा ठाण मांडून बसतो. नवीन माणूस तो बघून घाबरतो. शिवाय हे उच्चांक एकाच क्षणाचे नसतात. एका सर्व्हरचा सोमवारचा, दुसऱ्याचा गुरुवारचा. त्यांची बेरीज करून पूर्ण बॅकएंडच्या, म्हणजे मागच्या सगळ्या सर्व्हरच्या गटाच्या, उच्चांकाशी जुळवायला गेलात तर जुळणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. ‘क्लिअर काउंटर्स’ असा हुकूम दिला तर तो उच्चांक पुसतो. बाकीच्या बेरजा मात्र जपून ठेवतो. त्या पुसायच्या तर वेगळं, स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं.

एवढा जपणारा माणूस, पण रीलोड केलं की एका क्षणात सगळं विसरतो. कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ बदलली, रीलोड दिलं, की नवी प्रोसेस उभी राहते आणि पाटी कोरी. अलीकडच्या आवृत्त्यांत जुने आकडे पुढे नेण्याची सोय आली आहे, पण ती मुद्दाम करून घ्यावी लागते. यातली खरी गोम वेगळीच आहे. जुनी प्रोसेस लगेच मरत नाही. तिच्या हातातली कनेक्शन संपेपर्यंत ती मागे काम करत राहते. एखाद्या चॅटच्या साइटवर तासन्‌तास उघडी राहणारी वेबसॉकेट कनेक्शन असली, तर ती सगळी जुन्या प्रोसेसकडे असतात आणि नव्या पानावर त्यांचा मागमूस नसतो. पान म्हणतं आत्ता ४० सेशन, आणि सर्व्हरवर जाऊन मोजलं तर निघतात हजार. पानाच्या डोक्यावरचा तो प्रोसेस क्रमांक उगाच लिहिलेला नाही. ‘मी फक्त माझ्यापुरतं बोलतोय’ असं तो पहिल्याच ओळीत सांगत असतो.

तो दुसऱ्यांची लाज राखतो, हेही सांगायला हवं. मागचा एखादा सर्व्हर कनेक्शन घेईना, तर हा लगेच पाहुण्याच्या तोंडावर दार आपटत नाही. पुन्हा प्रयत्न करतो. सांगून ठेवलं असेल तर शेवटचा प्रयत्न दुसऱ्याच सर्व्हरकडे वळवतो. पाहुण्याला फार तर किंचित उशीर झाल्यासारखं वाटतं. तक्रार कुठेच येत नाही. पण इशाऱ्यांच्या घरात तो दोन छोटे आकडे लिहितो: किती वेळा पुन्हा प्रयत्न केला आणि किती वेळा दुसरीकडे पाठवलं. एका कंपनीत हे दोन आकडे आठवडाभर रोज थोडे थोडे वाढत होते. सगळ्या ओळी हिरव्या, ग्राहक खूश, म्हणून तिकडे कुणी बघितलं नाही. शेवटी एका सर्व्हरचं नेटवर्क कार्ड पूर्ण बसलं तेव्हा मागचे आकडे काढले गेले. आठ दिवस आधीपासून तो हळू आवाजात सांगतच होता.

हिरव्या रंगाबद्दल त्याचे नियम ठाम आहेत. तपासणी चालू केलेली असेल आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर दर दोन सेकंदांनी तो प्रत्येक सर्व्हरची तब्येत विचारतो. सलग तीनदा उत्तर आलं नाही तर लाल, आणि लाल झालेल्यानं सलग दोनदा नीट उत्तर दिलं तर पुन्हा हिरवा. मधल्या अवस्थेत ओळ पिवळट होते आणि शेजारी खाली किंवा वर जाणारा छोटा बाण दिसतो. एका चुकीवर तो कुणाला घराबाहेर काढत नाही. ही त्याची माणुसकी खरी, पण तिची किंमत आहे: सर्व्हर मेल्यापासून लाल होईपर्यंतच्या त्या काही सेकंदांत त्याच्याकडे रिक्वेस्ट जात राहतात.

आणि तब्येत म्हणजे काय, हे तुम्ही जे सांगाल तेच तो मानतो. फक्त पोर्ट उघडतं का बघ म्हणालात, तर पोर्ट उघडलं की त्याच्या लेखी माणूस ठणठणीत. आत ॲप्लिकेशन बेशुद्ध पडलेलं असलं तरी. एखादा पत्ता नेमून दिलात, तर त्या पत्त्यावरून ठीक उत्तर येतंय एवढंच तो बघेल. डोळ्यांत हिरवं दिसलं म्हणून शांत झोपू नये. ओळीच्या शेवटी जावं. तिथे हा सर्व्हर आजवर किती वेळा खाली गेला आणि एकूण किती वेळ खाली होता, ते लिहिलेलं असतं. ‘तीन मिनिटांपासून चालू’ असं दिमाखात सांगणारी हिरवी ओळ आणि तिच्याच टोकाला ‘४१ वेळा पडला’, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

त्याच्या भाबडेपणाची एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कामाची वाटणी कशी करायची हे तुम्हीच त्याला सांगता. साधी पाळीपाळीनं वाटणी असते, नाहीतर ज्याच्या हातात सगळ्यात कमी कनेक्शन त्याला पुढचं द्यायचं. दुसरी पद्धत ऐकायला फार न्याय्य वाटते. आता समजा पाच सर्व्हरपैकी एकाचं डेटाबेसशी बिनसलं. तो येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टला दोन मिलिसेकंदांत ५०० क्रमांकाची चूक परत करतो. बाकीचे चौघे मन लावून, अर्धा अर्धा सेकंद घेऊन नीट उत्तरं देताहेत. हातात सगळ्यात कमी कनेक्शन कुणाच्या? त्या नापास झालेल्याच्या. मग सगळी गर्दी त्याच्याकडे. तब्येतीचा पत्ता डेटाबेसला हात न लावणारा असेल तर तो हिरवाही राहतो. पानावर बघितलं तर तो सर्वांत मोकळा, सर्वांत चपळ आणि सर्वांत जास्त काम उपसणारा कर्मचारी दिसतो!

इथे पुन्हा शेजारचा रकाना वाचावा. एकूण सेशनच्या आकड्यावर माऊस नेऊन थांबा. एक लहानशी चौकट उघडते आणि त्यात उत्तरांची वर्गवारी असते: २०० च्या घरातली किती, ४०० ची किती, ५०० ची किती. खाली शेवटच्या १०२४ कनेक्शनची सरासरी: रांगेत किती वेळ, जोडायला किती, उत्तराला किती, सगळं मिळून किती. पाचांपैकी एकाचीच सरासरी संशय यावा इतकी कमी असेल तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याची ५०० ची बेरीज बघावी. ही चौकट कित्येकांनी वर्षानुवर्षं उघडलेली नसते, कारण तो ‘इथे माऊस आणा’ असं मोठ्यानं सांगत नाही. खाली ठिपक्यांची बारीक रेघ मारून ठेवतो, इतकंच.

रांगेबद्दल त्याचं मत त्याच्या स्वभावाला धरून आहे. एका सर्व्हरला एका वेळी किती कनेक्शन द्यायची याची मर्यादा घालता येते. मर्यादा भरली की जास्तीची कनेक्शन तो स्वतःकडे रांगेत उभी करतो. नवख्या माणसाला हे पटत नाही. मर्यादा वाढवली की काम लवकर होईल, असं त्याला वाटतं. पण १०० कामं एकदम अंगावर घेतलेला सर्व्हर मेमरी आणि सीपीयूच्या ओढाताणीत सगळ्यांनाच उशीर करतो. तोच सर्व्हर २० कामं झपाझप उरकतो आणि रांगही भराभर सरकते. गर्दी सर्व्हरच्या पोटात शिरण्यापेक्षा दारात शिस्तीनं उभी राहिलेली बरी, हे त्याचं ठाम मत आहे आणि माझ्या मते ते शंभर टक्के बरोबर आहे. रांगेत फार वेळ गेला तर तो ५०३ देऊन माफी मागतो. ताटकळत ठेवत नाही.

म्हणून पान उघडल्यावर मुरलेला माणूस आधी सर्वांत डावीकडे, रांगेच्या घरात बघतो. शून्य असेल तर श्वास सोडतो. पण या शून्याचाही एक फसवा प्रकार आहे, आणि त्यानं भल्याभल्यांना चकवलं आहे. दहावीच्या निकालासारखा प्रसंग डोळ्यांपुढे आणा: दुपारी एक वाजला आणि राज्यभरातून पोरं एकदम साइटवर तुटून पडली. लोक फोन करून सांगताहेत की पान उघडत नाही. इकडे स्टॅट्सवर रांग शून्य, सर्व्हर हिरवे, चुका शून्य. मग अडलं कुठे?

अडलेलं असतं दाराबाहेर. मागच्या सर्व्हरना जशी मर्यादा, तशी त्याच्या स्वतःच्या दारालाही एक मर्यादा असते. ती भरली की तो नवं कनेक्शन हातात घेणंच थांबवतो. ती कनेक्शन लिनक्स कर्नलच्या ओसरीवर ताटकळत उभी राहतात. हातात न घेतलेल्याची नोंद तो वहीत करणार नाही, असा त्याचा बाणा. त्यामुळे त्याच्या हिशेबात रांग शून्यच. खूण एकच: फ्रंटएंडच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या दाराच्या, ओळीत ‘आत्ता’ आणि ‘मर्यादा’ हे दोन आकडे एकमेकांना चिकटलेले असतात. २००० पैकी २०००. तो आकडा थरथरत नाही, वरखाली होत नाही, एका जागी गोठून बसतो. जिवंत साइटवर सेशनचा आकडा असा स्थिर कधीच नसतो. तसा दिसला की तो तुंबलेला नळ समजावा आणि कर्नलकडे जाऊन ‘एसएस’ या कमांडनं बाहेर किती जण उभे आहेत ते विचारावं.

या उलट दिसणारा एक प्रकार लोकांना उगाच घाबरवतो. फ्रंटएंडला ९०० सेशन आणि सगळ्या सर्व्हरची बेरीज जेमतेम ६०. मग बाकीचे ८४० हरवले कुठे? हरवले नाहीत. ब्राउझर एक पान घेऊन झालं तरी कनेक्शन उघडं ठेवतो, पुढच्या क्लिकसाठी. ती मंडळी ओटीवर निवांत बसलेली असतात, आत कुणालाही त्रास देत नाहीत. ती किती वेळ बसू द्यायची ते कीप-अलाइव्हच्या टाइमआउटवर अवलंबून. दोन बेरजा जुळत नाहीत म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नये. दारातच परत पाठवलेले, दुसऱ्या पत्त्यावर वळवलेले, हेही फ्रंटएंडच्या हिशेबात असतात आणि सर्व्हरच्या नसतात.

त्याची एक सवय मात्र मला बिनशर्त आवडते. प्रत्येक कनेक्शन संपलं की तो लॉगमध्ये दोन अक्षरांत निकाल लिहितो: आधी कुणामुळे संपलं, मग कोणत्या टप्प्यावर. सगळं सुरळीत असेल तर दोन आडव्या रेघा. मोठा सी आणि डी: माहिती चालू असताना पाहुणाच उठून गेला. मोठा एस आणि सी: सर्व्हरनं जोडूनच घेतलं नाही. लहान एस आणि मोठा एच: सर्व्हर उत्तराची सुरुवातही करेना, शेवटी वेळ संपली. पहिलं अक्षर मोठं म्हणजे कुणीतरी तोडलं, लहान म्हणजे वाट बघून वेळ संपली. डेव्हलपर म्हणतो नेटवर्क, नेटवर्कवाला म्हणतो डेटाबेस, डेटाबेसवाला म्हणतो कोड. अशा भांडणांत ही दोन अक्षरं समोर ठेवली की आवाज खाली येतात. तो कुणाची बाजू घेत नाही. जे झालं ते लिहितो.

त्याची एक उणीव मान्य करायला हवी. त्याला कालचं काही आठवत नाही. पान म्हणजे फक्त आत्ताचा क्षण, आजवरचा उच्चांक आणि एकूण बेरीज. काल दुपारी चार वाजता काय झालं, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. त्यासाठी त्याचे आकडे ठरावीक वेळानं उचलून दुसरीकडे साठवावे लागतात. २०१९च्या २.० आवृत्तीपासून प्रोमिथियस या मॉनिटरिंगच्या साधनाला थेट आकडे देण्याची सोय त्याच्यात आहे. पत्त्याच्या शेवटी अर्धविराम आणि ‘सीएसव्ही’ लिहिलं तर सगळं पान साध्या मजकुरात हातात देतो. तो द्यायला कधीच नाही म्हणत नाही. घेणाऱ्यानं मागायला हवं.

तुमच्याकडे तो कामाला असेल तर बिघाडाच्या रात्री पहिल्यांदा भेटायला जाऊ नका. एखाद्या शांत मंगळवारी सकाळी अकरा वाजता जा. रांग किती, रेट किती, सेशन किती, उत्तराची सरासरी किती, हे कागदावर उतरवून भिंतीला चिकटवा. आणि निघताना त्या पानाला पासवर्ड लावला आहे की नाही ते तपासा. तुमच्या सगळ्या सर्व्हरची नावं आणि दुखणी तिथे लिहिलेली असतात, आणि हा विचारेल त्याला खरंच सांगतो.